सात ठिकाणांचा प्लॅन आणि चोडणची भरती: फोंड्याच्या एका महिला मंडळाच्या सहलीचं प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरचं महिला मंडळ. हळदीकुंकू, भजन, चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान एकत्र आणणं असले उद्योग, आणि वर्षातून एक सहल. सहल म्हणजे आजवर देवदर्शनच, नृसिंहवाडी, कोल्हापूर, गोकर्ण, फार तर जाताजाता एखादा बीच खिडकीतून. यंदा मीटिंगमध्ये एक वहिनी म्हणाली, अगो जगभरातले लोक येऊन गोवा बघून जातात आणि आपण इथे जन्म काढून सलीम अली अभयारण्य कुठे आहे ते पण सांगू शकत नाही. सगळ्यांना पटलं. ठरलं की यावेळी देव नाही, समुद्राच्या बाजूचा निसर्ग, बागा, पक्षी, किल्ल्यावरची हवा असं काहीतरी. माझी मावशी मंडळाची खजिनदार, म्हणून प्लॅन माझ्याकडे आला, "जरा बघ रे, टाइम बरोबर घातलाय का."

प्लॅन असा होता. सकाळी सहाला फोंडा, मग चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, पणजीची म्युनिसिपल बाग, मिरामार, आग्वाद, शापोरा किल्ला, हरमलचं गोड्या पाण्याचं तळं, आणि केरीहून फेरीने तेरेखोल. रात्री आठला घरी. सात ठिकाणं, एक दिवस, सतरा सीटचा ट्रॅव्हलर. चौदा बायका, वय अडतीस ते शहात्तर, आणि दोन नातवंडं. चौदापैकी पाच जणींचे गुडघे बोलतात, एकीच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं त्यामुळे ऊन चालत नाही, आणि एक काकी होडीत बसणारच नाही असं आधीच जाहीर करून मोकळी.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय कारण असले प्लॅन सगळीकडे असेच बनतात. कोणीतरी नकाशा उघडतो, किनाऱ्यावरच्या टाचण्या बघतो, आणि वाटतं की सगळं एका रेषेत तर आहे. गोव्याचा किनारा शाळेत शिकलो तो १०५ किलोमीटर, मग काय मोठं. पण किनाऱ्याला समांतर सरळ रस्ता नाहीये, मध्ये नद्या आडव्या आहेत, तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग, आणि प्रत्येक नदीला एकतर पूल गाठायला आत वळावं लागतं नाहीतर फेरीची वाट बघावी लागते. पणजीहून हरमल पस्तीसेक किलोमीटर, ऐकायला काहीच नाही, पण रविवारी म्हापशापुढच्या अरुंद रस्त्यांवर ट्रॅव्हलर घालून बघा. मी नुसता गाडीतला वेळ मोजला तर सगळं सुरळीत धरून सहा तासांच्या वर जात होता. मग उतरणं, चढणं, सोळा जणांची मोजणी, चहा, आणि बायकांच्या सहलीत ज्याबद्दल कोणी उघड बोलत नाही पण ज्यावर सगळं अवलंबून असतं ते, म्हणजे बाथरूम.

छाटणी केली ती कशाकशावर केली ते सांगतो. शापोरा पहिल्या फटक्यात गेला. चढ छोटा आहे पण उभा आहे, जांभा दगडाची घसरणारी वाट आहे, वर सावली शून्य. गुडघेवाल्या पाच जणी खाली गाडीत बसणार आणि बाकीच्या वर फोटो काढणार, ही काय सहल झाली. हरमलचं तळं पण गेलं. ते तळं आहे सुंदर, एका बाजूला समुद्र आणि वाळूच्या पट्ट्यापलीकडे गोडं पाणी, पण तिथे गाडी जात नाही, मुख्य बीचवरून डोंगराच्या कडेकडेने दुकानांच्या मधून खडकाळ वाटेने चालत जावं लागतं. तेरेखोल लांब म्हणून गेला. आग्वादवर वाद झाला, कारण दोघींची तिथे जायची फार इच्छा. १६१२ चा किल्ला, वर गाडी जवळपर्यंत जाते, चालणंही सपाट, म्हणजे कागदावर योग्य. पण तिथे जायचं तर सकाळी लवकर नाहीतर उतरत्या उन्हात, दुपारी तो जांभा नुसता तापतो. सकाळ चोडणला दिलेली आणि संध्याकाळ मिरामारला, मग आग्वाद वाट्याला येणार दुपारी दोनला. ऑपरेशनवाल्या काकींनी स्वतःच हात वर केले.

मध्येच एका वहिनीने मोरजीला जाऊन कासवं बघूया असा प्रस्ताव टाकला. ऑलिव्ह रिडले कासवं मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे थंडीच्या दिवसांत अंडी घालायला येतात हे खरं, पण येतात रात्री. दिवसा गेलात तर दिसतं काय, वनखात्याने कुंपण घातलेला वाळूचा चौकोन आणि एक बोर्ड. पिल्लं बाहेर पडायला पन्नासेक दिवस लागतात आणि तीही आपल्या सोयीने दुपारी चारला बाहेर पडत नाहीत. हे मी सांगितलं तर नातवंडांपैकी मोठा रुसला, पण खोटी आशा दाखवून नेण्यापेक्षा बरं.

राहिली तीन: चोडण, पणजीची बाग, मिरामार. एक म्हणाली, तीनच? ह्यासाठी ट्रॅव्हलर कशाला, कदंबाच्या सरकारी बसमध्ये बसून गेलो असतो. प्रश्न तसा चुकीचा नव्हता.

आता खरा मुद्दा. तारीख. मंडळाने ठरवलेला रविवार होता पौषातल्या संकष्टीचा. मी कॅलेंडर बघून म्हटलं की तारीख बदला, आणि इथे थोडं युद्ध झालं, कारण गाडीला अ‍ॅडव्हान्स दिलेला.

कारण सांगतो. चोडणचं अभयारण्य म्हणजे मांडवीतल्या बेटाच्या पश्चिम टोकावरचं खारफुटीचं जंगल, १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे तसं चिमुकलंच, १९८८ साली जाहीर झालेलं. तिथे बघायच्या दोन पद्धती. एक, होडीने खाडीच्या फाट्यांतून. दोन, आतल्या पायवाटेने चालत, निरीक्षण मनोऱ्यापर्यंत. होडीला पाणी लागतं. ओहोटीला त्या फाट्यांत नुसता चिखल असतो, होडी आत शिरत नाही, नदीच्या मुख्य पात्रातून लांबूनच झाडं दाखवून परत आणतात. उलट चालणाऱ्याला ओहोटी हवी, कारण चिखल उघडा पडला की मग खेकडे, निवट्या आणि चिखलात चोच खुपसणारे पक्षी बाहेर येतात. भरतीला चालत गेलात तर हिरवी झाडं आणि हिरवं पाणी, संपलं. खूप लोक चोडणला जाऊन येतात आणि म्हणतात "काय नाय तिथे", त्यातले बहुतेक चुकीच्या पाण्याला गेलेले असतात असं माझं मत आहे.

भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा जुना हिशोब आहे, कोकणात रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना विचारा, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल ते पूर्ण भरतीचं घड्याळ. पक्ष कुठलाही असो, प्रतिपदेपासून मोजायचं, पौर्णिमा-अमावस्या पंधरा धरायची. संकष्टी म्हणजे चतुर्थी, चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सकाळी आठ-नऊला होडी बुक करून सोळा जण जेटीवर उभे आणि फाट्यांत पाणी नाही, हे होणार होतं. पुढचा रविवार सात तिथ्या पुढे, एकादशी. अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरलेलं पाणी, मग हळूहळू ओसरत दुपारी अडीचपर्यंत ओहोटी. म्हणजे आधी होडी, मग चालणं, दोन्ही एकाच सकाळी बसतं. एका आठवड्याने सगळा दिवस उलटा होतो बघा.

हा हिशोब अंदाजाचा आहे हे पण सांगतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नदीत आत जाल तसं पाणी थोडं उशिरा चढतं, आणि आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या किंवा दोन ओहोट्या सारख्या उंचीच्या नसतात. म्हणून तारीख ठरवायला तिथी पुरते पण होडीची वेळ ठरवायला मार्मागोवा बंदराचं टेबल बघायचं, मोबाइलवर फुकट मिळतं. आणखी एक, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या आसपास दोन्ही कमी. एकादशी मधली, होडीला पुरेसं पाणी आणि उतरताना पुरेसा चिखल.

तारीख बदलली, अ‍ॅडव्हान्स गाडीवाल्याने पुढे फिरवून दिला. पण मीटिंगमध्ये मग दुसरा गोंधळ, संकष्टी टाळली तर एकादशी आली, म्हणजे निम्म्या जणींचा उपास तसाच. मावशी म्हणाली, अरे एकादशीचा बरा, संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत ताटकळत बसायचं ते नको. झालं. पणजीत नुस्त्याची, म्हणजे माशांची थाळी खायचा बेत ज्यांनी मनात धरलेला त्यांनी गुपचूप सोडून दिला, कारण सात जणी उपाशी असताना शेजारी बसून इसवण माशाची फोड कोण खाणार.

दिवस उजाडला. गाडी सहाला निघायची ती सातला पाच कमी असताना निघाली. हे होणार हे मला माहीत होतं म्हणून होडी साडेआठची सांगितलेली, पण वाड्यावरून एकेकीला घेत, मग एकीची औषधाची पिशवी राहिली म्हणून परत, मग उपास नसलेल्यांना फोंड्यात पातळ भाजी आणि पाव हवाच. रायबंदरच्या जेटीवर पोचायला पावणेनऊ. इथे एक गोष्ट आधी ठरवलेली ती कामाला आली: गाडी फेरीत चढवायचीच नाही. अभयारण्याचं गेट चोडणच्या बाजूला जेटीवरून चालत काही मिनिटांवर आहे, मग ट्रॅव्हलर पलीकडे नेऊन करायचं काय. रविवारी वाहनांची रांग लागते, चालत जाणारा माणूस आलेल्या फेरीत थेट चढतो. ड्रायव्हर रायबंदरला झोपला, आम्ही फेरीत. दहा मिनिटांच्या आतबाहेर पलीकडे. आणि खरं सांगायचं तर निम्म्या बायकांना फेरीच सगळ्यात जास्त आवडली, वारा, पाणी, लांबवर जुन्या गोव्याची चर्चची टोकं. शहात्तरीच्या आजी लहानपणी मांडवीवर पूल नसताना पणजीहून बेतीला गॅसोलीनने जायच्या त्या गोष्टी सांगायला लागल्या, गॅसोलीन म्हणजे तेव्हाची मोटर लाँच, आणि त्या गोष्टी ऐकत उतरायचंच विसरल्या दोघी.

होडीवाला वैतागलेला. नऊ वाजून गेलेले. म्हणाला, "सुकती लागल्या, ल्हान फाट्यांनी आतां वचूंक जायना." पाणी उतरायला लागलं होतं, मोठ्या फाट्यातून नेतो पण लहानात शिरणार नाही. म्हणजे पाऊण तासाच्या उशिराने आम्ही होडीची अर्धी मजा घालवली, हे नोंदवून ठेवतो. सोळा जणांच्या ग्रुपला भरतीच्या वेळेवर होडी बुक करू नका, भरतीच्या एक तास आधी करा, चढतं पाणी असेल तर उशीर झाला तरी तो फायद्यातच जातो.

तरी जे दिसलं ते चांगलं दिसलं. ब्राह्मणी घार, तांबूस पंख आणि पांढरं डोकं, अगदी डोक्यावरून. खंड्या तर किती. एका फांदीवर ढोकरी, हललीच नाही, बायका म्हणतात ती प्लास्टिकची आहे, आणि मग एकदम मान बाहेर काढून मासा. काठाने कांदळाची झाडं, फांद्यांवरून खाली आलेली आधारमुळं पाण्यात रोवलेली, आणि शेंगेसारखं लांब काहीतरी लटकतंय. ते फळ नाही, रोपच असतं, बी झाडावर असतानाच रुजतं, आणि मग ते लांबोडं रोप खाली पडून चिखलात रुततं नाहीतर पाण्याबरोबर वाहत दुसरीकडे जाऊन लागतं. हे सांगितल्यावर एक वहिनी म्हणाली, म्हणजे पोरगी माहेरीच चालायला शिकवून सासरी पाठवतात. पुढचा सगळा दिवस त्या झाडाचं नाव मंडळात माहेरवाशीण.

होडीत न बसणाऱ्या काकी गेटजवळ वाटेच्या कडेला बसून राहिल्या होत्या, बरोबर लहान नातू ठेवलेला. आम्ही परत आलो तर दोघं गुडघ्यावर हात ठेवून वाकून चिखलात बघतायत. पाणी हातभर उतरलेलं. समोर निवट्या, बोटभर लांबीच्या, डोळे डोक्याच्या वर उचललेले, पुढच्या परांवर रेटत रेटत चिखलावर सरकतायत, मध्येच एक दुसरीला पाठीवरचा पर ताठ करून दाखवते आणि दोघी उड्या मारतात. मासा असून पाण्याबाहेर. बाजूला खेकडे, एक नांगा भलताच मोठा, तोच वर-खाली हलवत उभे, तो नराचा, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला हाकलायला. काकी लहानपणी कुंभारजुव्याला मामाकडे जायच्या, तिथे खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीच्या दारापाशी हे सगळं रोज बघितलेलं, पण त्याला "बघायला जायचं" असतं हे डोक्यात नव्हतं. मग त्यांनीच सगळ्यांना मानस कशी चालते ते सांगितलं: बांधाला लाकडी दार, भरतीच्या पाण्याने आपोआप बंद होतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं, त्यामुळे खारं पाणी शेतात शिरत नाही, आणि रात्री ओहोटीला दाराला जाळं लावून मासळी धरायची. माझ्या तयार केलेल्या माहितीपेक्षा ते जास्त चाललं. होडीत न बसलेल्या माणसाला सर्वात जास्त दिसलं, हा या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग.

चालण्याची वाट सपाट आहे, गुडघेवाल्यांपैकी तिघी बऱ्यापैकी आत गेल्या. चिखलातून उभी आलेली पेन्सिलीएवढी मुळं ती तिवराची श्वासमुळं, त्या चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. कोणी पाय ठेवून मोडू नका असं सांगावं लागलं. मनोऱ्यावर फक्त दोघी चढल्या. दुर्बीण एकच, तीसुद्धा उसनी, सोळा जणांत एक दुर्बीण म्हणजे भांडण. दोन तरी हव्यात. आणि आत खाण्याचं काही मिळत नाही, मिळू पण नये, पाणी आणि टोपी आपली न्यायची, प्लास्टिक परत आणायचं. बाथरूमची सोय नक्की कुठे आहे ते होडी ठरवायच्या फोनवरच विचारून ठेवा, आम्ही विचारलेलं आणि त्याच हिशोबाने पणजीत हॉटेलवर साडेअकरापर्यंत पोचायचं ठरवलेलं. थोडा उशीर झाला पण निभावलं.

रायबंदरहून पणजीला जाताना गाडी मुद्दाम हळू घ्यायला सांगितली. हा पाटो, म्हणजे रायबंदर-पणजी जोडणारा जुना बांधासारखा पूल, तीन किलोमीटरच्या वर लांब, १६३३-३४ च्या सुमारास पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात बांधलेला, आणि आपण सगळे रोज त्यावरून जातो ते मोबाइलमध्ये डोकं घालून. बाजूला जुन्या मिठागरांची जागा, खारफुटी, आणि पाणी उतरत असेल तर बगळे आणि तुतारी पक्षी रस्त्याला चिकटून. खर्च शून्य. थांबायला जागा नाही, म्हणून खिडकीतूनच.

दुपारी जेवण, उपास नसलेल्यांना शिवराक, म्हणजे शाकाहारी थाळी, उपासवाल्यांनी डब्यातली साबुदाण्याची खिचडी आणि उकडलेली कणगां (कंद). हॉटेलवाल्याला आधी विचारून घेतलेलं की सात जणी आपलं खातील, चालेल का. हे विचारायची लाज वाटते लोकांना, विचारलं की नव्वद टक्के चालतं.

मग चर्चसमोरची म्युनिसिपल बाग, गार्सिया द ओर्ता यांच्या नावाची. दीड ते साडेतीन, भर उन्हाची वेळ मुद्दाम इथे टाकलेली, कारण जुन्या झाडांची सावली आहे, बाकं आहेत, आणि कोणाला काही चढायचं नाही. पक्षीप्रेमी म्हणतील ही कसली बाग, शहराच्या मधला चौकोन. मान्य. पण इथे गोष्ट आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ ला गोव्यात आला, आयुष्य इथेच काढलं, आणि इथल्या औषधी झाडांवर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं. आंबा, फणस, आलं, हळद, वेलची, विड्याचं पान, धोतरासुद्धा. आपल्या वैद्यांना विचारून, स्वतः बघून लिहिलेलं. हा माणूस मूळचा ज्यू घराण्यातला, वरून ख्रिश्चन. १५६८ ला वारला आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून काढून जाळली. हे ऐकल्यावर बाकावर शांतता, मग एक काकी म्हणाल्या, मेलेल्या माणसाला परत जाळलं म्हणजे राग केवढा. मग हळद आणि धोतऱ्यावरून चर्चा कोणाच्या सासूने कशावर काय लेप लावायची तिथे गेली आणि तासभर हललं नाही कोणी. दोघी तर बाकावरच झोपल्या. मधल्या खांबावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, मुक्तीनंतर तो गेला आणि वर अशोकस्तंभाचे सिंह आले, हे मोठ्या नातवाला सांगितलं, त्याने सिंह मोजले, तीन दिसतात चौथा कुठे म्हणून खांबाभोवती फेरी मारली.

या विश्रांतीबद्दल सहलीनंतर तक्रार आली की "दोन तास एका बागेत फुकट गेले". तक्रार करणारी ग्रुपमधली सगळ्यात तरुण. बाकी कोणाची नाही. मला विचाराल तर त्या दोन तासांमुळेच संध्याकाळी सगळे पायावर उभे होते, पण तरुण मंडळी जास्त असतील तर हा वेळ अर्धा करून कांपालच्या बाजूला नदीकाठाने चालवा.

साडेचारला मिरामार. दुपारी अडीचच्या आसपास ओहोटी झालेली, म्हणजे आता पाणी चढतं पण अजून रुंद ओली वाळू उघडी, चालायला घट्ट. सकाळी याच वेळापत्रकात मिरामार टाकलं असतं तर भरतीला वाळूचा पट्टा अरुंद मिळाला असता. बीचवर जाताना आधी भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी. इथे वीसेक मिनिटं प्लॅनमध्ये धरली नव्हती पण ती जाणारच होती, फोंड्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या बायका आहेत, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर १९७३ ला गेले तेव्हा आजी विशीतल्या, त्यांनी चपला बाहेर काढून नमस्कार केला आणि मग बाकीच्यांनी पण.

मिरामारला पाण्यात उतरण्यावर मी कडक होतो. ही मांडवीच्या मुखाची जागा आहे, नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांत शिरतं, वरून शांत दिसतं आणि खाली ओढ असते. घोट्यापर्यंत, बस. लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकाच्या नजरेत असते, पण संध्याकाळी त्यांची ड्युटी संपते आणि नेमकी तेव्हाच गर्दी वाढते. चौदापैकी निदान दहा जणींनी साड्या गुडघ्यापर्यंत वर घेतल्याच, थांबवणार कोण, पण पुढे कोणी गेलं नाही.

सुरूच्या झाडांपुढे जे वाळूचे उंचवटे आहेत त्यावर नातवंडं घसरगुंडी करायला लागली तिथे मी हाक मारली. तो नुसता ढीग नाही. जांभळ्या फुलांची मर्यादवेल आणि टोचणारं ते गोल रावणाच्या मिशा म्हणतात ते गवत, ही दोन झाडं वाळू धरून ठेवतात, ती तुडवली की वारा वाळू उचलतो आणि मग पावसाळ्यात समुद्र आत येतो. मर्यादवेल हे नाव काकींना माहीत होतं, समुद्राची मर्यादा सांगते म्हणून, पण बघितलेली पहिल्यांदाच.

जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास जातो, सहा वाजता शेंगदाणे, साडेसहाला गाडी, पावणेआठला वाड्यावर. मूळ प्लॅनपेक्षा पंधरा मिनिटं लवकर, सातऐवजी तीन ठिकाणं.

पैशाचं म्हणाल तर गाडीच्या भाड्यात पेडण्यापर्यंतचे किलोमीटर वाचले, होडी आणि प्रवेश मिळून तेवढं काही नाही, खजिन्यात पैसे उरले. उरलेल्या पैशात मंडळाने पहिली खरेदी केली ती दुर्बीण.

आता पुढच्या सहलीचा वाद सुरू आहे. अर्ध्या जणींना काणकोण हवंय, कोटिगाव अभयारण्य आणि गालजीबागचं सुरूचं बन. कोटिगाव ८६ चौरस किलोमीटर, तिथे झाडावरचा २५ मीटर उंचीचा मनोरा आहे, तो आमच्यात कोणी चढणार नाही हे लिहून घेतलंय, पण खालच्या वाटा सावलीच्या आहेत. फोंड्याहून अंतर बरंच, म्हणून कोटिगाव सकाळी आणि गालजीबाग उतरत्या उन्हात, मध्ये तिसरं काही नाही. बाकीच्यांना दूधसागर, कुळ्यातून जीप. त्या जीपच्या वाटेवर पाच गुडघ्यांचं काय होईल हे मी सांगून झालंय, मतदान हळदीकुंकवाला आहे. बोंडला सुचवणाऱ्या काकींना फक्त एवढंच सांगितलं, गुरुवार सोडून कुठलाही वार धरा, गुरुवारी बंद असतं.